वृद्धनिवासासाठीचं ‘संपूर्ण परवाना पॅकेज’ : घ्यावं का, आणि घेतलंच तर काय तपासावं

पुणे, नाशिक, कर्जत-बदलापूर या पट्ट्यात ज्येष्ठांसाठी सहाय्यित निवासं वाढली, तशी त्यांचे परवाने काढून देणारी मंडळीही वाढली. त्यांचा माल साधारण सारखाच असतो. एक वार्षिक फी ठरते आणि तिच्या बदल्यात संस्थेची नोंदणी, गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी), उद्यम (लघुउद्योग नोंदणी), जीएसटी, अन्नपरवाना, फायरची कागदपत्रं, पीएफ-ईएसआय (कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा), पॉशचं (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं) धोरण, रहिवाशांचा करारनामा आणि रजिस्टरांचा एक संच मिळतो. कुणी वर आयएसओचं प्रमाणपत्रही जोडतं. हा आढावा कुठल्या एका एजन्सीचा नाही. या प्रकारच्या सेवेत काय भरीव असतं आणि काय नुसतं फाइल जाड करण्यासाठी असतं, ते इथे कलमागणिक पाहिलं आहे.

मत आधीच सांगायचं तर हे पॅकेज संस्थेचे आणि इमारतीचे कागद बरे करतं. तुमच्या घरात नेमके कोण राहतात आणि त्यांच्यासाठी नेमकं काय केलं जातं, हा प्रश्न मात्र त्यात विचारलेलाच नसतो. आणि कोणता कायदा लागू होतो हे त्या एका उत्तरावरच ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘वृद्धाश्रमाचं लायसन्स काढून देतो’ असं कोणी म्हणालं तर ते कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली, हे कागदावर लिहून मागा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यातलं कलम १९ वृद्धाश्रमांबद्दल बोलतं, पण ते सरकारने उभारायच्या वृद्धाश्रमांबद्दल: जिल्ह्याला किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी. खासगी निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा देशभर ठरवणारी दुरुस्ती डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयकाच्या रूपात आली होती. ती मंजूर झाली नाही आणि सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक व्यपगत झालं. त्यामुळे पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी निवासाला आज एकच छत्री-परवाना नाही. पाच-सहा वेगवेगळ्या कायद्यांची टोकं तुमच्या दारात येऊन मिळतात. गुमास्त्याची पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी पडते, निवास चालवायची परवानगी म्हणून तिचा उपयोग नाही. उद्यम आणि आयएसओचंही तसंच. पॅकेजच्या यादीत हे तीन सगळ्यात वर असतील तर पुढची यादी दुप्पट काळजीने वाचा.

आता तो न विचारलेला प्रश्न.

रहिवाशांची चार गटांत विभागणी करा. स्वतः हिंडणारे-फिरणारे, ज्यांना फक्त जेवण, सोबत आणि सुरक्षितता हवी. आंघोळ, कपडे, संडासपर्यंत जाणं यासाठी हात लागणारे. अंथरुणाला खिळलेले, ज्यांना राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), बेडसोअरचं ड्रेसिंग, इन्सुलिन किंवा ऑक्सिजन लागतो. आणि डिमेन्शिया किंवा अन्य मानसिक आजार असलेले. पहिल्या दोन गटांचं घर हे राहण्याचं ठिकाण. तिसरा गट आला की महाराष्ट्र शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी अधिनियम, १९४९ समोर येतो. त्यातल्या ‘शुश्रूषागृह’ या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलता हाही शब्द आहे, आणि अशा व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी कोणतीही जागा तिच्यात बसते. पाटीवर ‘होम’ लिहिलंय की ‘विसावा’, याने फरक पडत नाही. दोन्ही गोष्टी, म्हणजे उपचार आणि शुश्रूषा, तुमच्या छताखाली होतात का, एवढंच पाहिलं जातं. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. तेव्हा त्या कायद्याचा फॉर्म भरून देणारा सल्लागार दुसऱ्या राज्याचा साचा वापरतोय, हे लगेच ओळखता येतं.

मधली परिस्थिती खूप घरांची असते. पंचवीस रहिवाशांत चारच जण खिळलेले असतात, ड्रेसिंगला बाहेरची सिस्टर येते, डॉक्टर आठवड्यातून एकदा. इथे तोंडी सल्ल्यावर विसंबू नका. रहिवाशांचा नावं न घालता एक तक्ता करा: वय, गट, कोणती प्रक्रिया, कोण करतं, किती वेळा. तो जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, आणि महापालिका हद्दीबाहेर असाल तर जिल्हा पातळीवरच्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. उत्तर उशिरा आलं तरी ती शिक्क्याची प्रत फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद ठरते, कारण तुम्ही काही लपवलं नव्हतं हे तीच दाखवते. चांगला सल्लागार हे पत्र स्वतःहून लिहून देतो. पॅकेज पारखायची याहून सोपी कसोटी नाही. नोंदणी झाली तर ती तीन वर्षांनी नूतनीकरणाला येते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद, दरफलक आणि तक्रार निवारणाची माहिती दर्शनी भागात लावावी लागते.

चौथ्या गटाबद्दल तर पॅकेजवाले बहुधा गप्पच असतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, भावस्थिती, आकलन, दिशाभान आणि स्मृती यांतला असा मोठा बिघाड येतो, ज्याने निर्णयशक्ती, वागणं किंवा रोजचे व्यवहार कोलमडतात. पुढच्या टप्प्यातला डिमेन्शिया या वाक्यात सहज बसू शकतो. अशा व्यक्तींना काळजी, उपचार, पुनर्वसनासाठी ठेवणारी खासगी जागाही ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते आणि तिला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नातेवाइकांनी आपल्याच घरी सांभाळलं तर तो अपवाद, तुमच्या निवासाला तो लागू नाही. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार, दुसऱ्या वेळी ५० हजार ते २ लाख आणि त्यापुढे २ ते ५ लाख रुपये दंड आहे. जाहिरातीत ‘डिमेन्शिया केअर’ असा वेगळा मजला दाखवायचा आणि नोंदणीच्या वेळी ‘साधा वृद्धाश्रम’ म्हणायचं, हे एकत्र टिकत नाही. तपासणीला येणारे तुमची वेबसाइट आधी पाहून येतात, असं धरूनच चला.

याच कायद्याचं कलम ९७ प्रत्येक रात्रपाळीच्या मावशीला माहीत हवं. एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे. हात बांधणं, पलंगाला ओढणीने अडकवणं हे फक्त तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने आणि लेखी नोंद ठेवून. आजी रात्री ट्यूब ओढते म्हणून हाताला मोजे घालून बांधून ठेवणं ही बऱ्याच ठिकाणची रोजची सवय आहे, आणि मुलगी अचानक सकाळी सात वाजता आली की त्याचाच फोटो निघतो. पॅकेजमधल्या रजिस्टरांत ‘बंधन नोंदवही’ आहे का, ते पाहा. तिच्यात कारण, वेळ सुरू, वेळ बंद, कोणाच्या आदेशाने, दर किती मिनिटांनी पाहिलं, त्वचा कशी होती, हे रकाने हवेत. आणि दिव्यांग व्यक्तींसाठी म्हणूनच जागा चालवत असाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाखालची संस्था-नोंदणी वेगळी लागते.

इमारत आणि आग या भागात पॅकेजचं काम बरं असतं, पण अर्धवट सुटतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सी यंत्रणा बसवून ‘नमुना अ’ देते. तो एकदाच मिळतो. पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘नमुना ब’ द्यावा लागतो, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. पॅकेजमध्ये ‘फायर एनओसी’ एवढंच लिहिलेलं असतं आणि सहा-सहा महिन्यांचा नमुना ब वगळलेला असतो. मग दोन वर्षांनी सिलिंडरची सुई लाल पट्ट्यात जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. करारात ‘वर्षातून दोन नमुना ब समाविष्ट’ हे शब्द लिहून घ्या.

त्याआधी वापराचा प्रश्न. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध व दुर्बलांची निवासं घरात मोडत नाहीत, संस्थात्मक गटातल्या ‘क-२’ मध्ये मोडतात. भाड्याच्या बंगल्याच्या भोगवटा प्रमाणपत्रात ‘निवासी’ लिहिलेलं असतं आणि तुम्ही त्यात अठरा खाटा लावता. नियोजन प्राधिकरणाकडून वापरबदल केलेला नसेल तर फायरचा कागद चुकीच्या गटावर निघतो, आणि दुर्घटनेनंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. मुळशी-मावळकडे जागा पाहताना अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा हे तीन कागद भाडेकरार करण्यापूर्वी मागा, नंतर मागून उपयोग नाही.

कागदापलीकडे एक गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहावी. रात्री साडेदहानंतर मुख्य दाराच्या जाळीच्या सरकत्या दरवाजाला कुलूप लागतं. ती चावी कुठे असते? व्यवस्थापकाच्या खोलीत, खिळ्यावर, की मामांच्या खिशात? वॉचमन मामा चहाला गेले तर? डिमेन्शियाचे रहिवासी बाहेर पडू नयेत म्हणून कुलूप लागतं हे खरं, पण बाहेर पडण्याच्या मार्गाला आतून चावीशिवाय न उघडणारं कुलूप हा आगीत सापळाच असतो. अलार्म वाजला की आपोआप सुटणारं चुंबकीय कुलूप किंवा दार उघडताच वाजणारी घंटा हा त्यावरचा उपाय. आणि ड्रिल करायचं ते सकाळी अकराला सगळा स्टाफ असताना करून भागत नाही. रात्रपाळीच्या संख्येत, दोन खिळलेले रहिवासी चादरीवरून ओढत जिन्यापर्यंत नेऊन, घड्याळ लावून करायचं. किती मिनिटं लागली ते लिहायचं. पॅकेजमधल्या ‘मॉक ड्रिल रिपोर्ट’च्या छापील नमुन्यात बहुतेक वेळा हा आकडाच नसतो.

उतारासाठी १:१२, दारांची मोकळी रुंदी ९०० मिमी, संडासात धरायला दांडे, घसरणार नाही अशी फरशी हे तपशील ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीच्या महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. ती विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहेत, तुम्हाला बंधनकारक नाहीत. तरीही बांधणीच्या वेळी तीच हाताशी ठेवा. पडून खुब्याचं हाड मोडण्याचा खटला पुढे ग्राहक आयोगात गेला की ‘वाजवी काळजी’चं माप म्हणून अशीच कागदपत्रं काढली जातात.

स्वयंपाकघराचं काम पॅकेजमध्ये सहसा नीट होतं, त्यामुळे थोडक्यात. अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक दिसेल असा लावलेला हवा, पाण्याची तपासणी, अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, कीडनियंत्रणाची नोंद आणि दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. जेवण बाहेरून येत असेल तर केटररच्या परवान्याची प्रत तुमच्या फाइलमध्ये हवी आणि त्याची मुदत तुमच्या कॅलेंडरवर.

जैववैद्यकीय कचऱ्याबाबत मात्र पॅकेजवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘आमच्याकडे असा कचरा निर्माण होत नाही’ अशी घोषणा सहीसाठी समोर आली तर थांबा. एक जरी रहिवासी इन्सुलिनवर असेल तर सुया निर्माण होतात. २०१६ चे नियम जागेच्या नावावर चालत नाहीत, असा कचरा कोणत्याही स्वरूपात निर्माण करणाऱ्या सगळ्यांना लागू होतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार हे दोन कागद लागतात. सुया आणि ग्लुकोमीटरच्या लॅन्सेट पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात. कॅथेटर, युरिन बॅग, ट्यूब, हातमोजे लाल पिशवीत. रक्त लागलेली ड्रेसिंग आणि मुदत संपलेली औषधं पिवळीत. काचेच्या बाटल्या निळ्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, पिशवीवर बारकोड, वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत, नोंदी पाच वर्षं. डायपर स्वतंत्र गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात, पण रक्त किंवा संसर्ग असेल तर पिवळीत. चूक कुठे होते? रात्रीचं इन्सुलिन देऊन झाल्यावर सुई टोपण लावून ट्रेमध्येच राहते, सकाळी ट्रे झाडताना ती सुक्या कचऱ्यात जाते, आणि घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला लागते. पांढरा डबा औषधाच्या ट्रॉलीवरच ठेवला, तळमजल्यावरच्या खोलीत न ठेवता, तर हे जवळजवळ थांबतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, जो पॅकेजच्या फाइलमध्ये सगळ्यात गरीब असतो: औषधपत्रक. छापील वहीत बहुधा तीन रकाने असतात: सकाळ, दुपार, रात्र. त्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक रहिवाशाचं वेगळं पान हवं. औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या तारखेला लिहिलं, सुरू आणि बंद तारीख, आणि प्रत्येक खुराकासमोर देणाऱ्याची लघुसही. दिलं नाही तर रिकामं सोडायचं नाही, कारणाचं अक्षर लिहायचं: न. म्हणजे नाकारलं, उ. म्हणजे उलटी, रु. म्हणजे रुग्णालयात. एकाच पेनाने, एकाच दाबाने, महिनाभराच्या सह्या एका दमात केलेल्या असल्या की पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. त्यापेक्षा दोन रिकाम्या जागा प्रामाणिक.

धोक्याचा क्षण म्हणजे रुग्णालयातून डिस्चार्ज. नवीन कागदावर रक्तदाबाचं औषध अ‍ॅम्लोडिपिन एका ब्रँडच्या नावाने येतं, जुन्या डब्यात तेच दुसऱ्या ब्रँडच्या नावाने पडलेलं असतं. मावशी दोन्ही देतात, कारण दोन्ही पाकिटं ‘चालू’ आहेत. रक्तदाब उतरतो, आजोबा पहाटे संडासला उठताना पडतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी जुनं पान आडवी रेघ मारून, तारीख-सही घालून बंद करायचं. जुन्या पट्ट्या डब्यातून बाहेर काढायच्या, नवीन पान मूळ नावांनी लिहायचं आणि दुसऱ्या व्यक्तीने पडताळून सही करायची. डॉक्टरांनी फोनवर बदल सांगितला तर सांगितलेली वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांची सही. इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत, दिवसातून दोनदा नोंद. दुधाच्या पिशव्यांचा फ्रिज वेगळा. इंजेक्शन देणारी व्यक्ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली हवी. सहा महिन्यांचा केअरगिव्हर कोर्स केलेल्या मुलीच्या हाती सिरिंज देणं हे तिच्यावरही अन्याय आहे.

आणखी एक: औषधं घाऊक घेऊन रहिवाशांच्या बिलात लावायची पद्धत सोयीची वाटते, पण ती परवान्याशिवाय औषधविक्री ठरू शकते. बिल औषध दुकानाचं आणि रहिवाशाच्या नावाचं असावं. तुम्ही फक्त आणून द्या आणि सांभाळा.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने पॅकेज दरमहा चलनं भरून देतं, ते उपयोगी आहे. ईएसआय १० कर्मचाऱ्यांपासून, वेतन २१ हजारांपर्यंत, कर्मचाऱ्याचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. पीएफ २० पासून. मोजताना घोटाळा होतो तो ब्युरोकडून (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेल्या मावशींचा. ‘त्या आमच्या नाहीत’ असं म्हणून आकडा नऊवर ठेवला जातो. ब्युरोने भरणा केला नाही तर मूळ मालक म्हणून वसुली तुमच्याकडे येते. ब्युरोचं बिल देण्यापूर्वी मागच्या महिन्याचं चलन आणि त्यातली नावांची यादी मागा, आणि ती हजेरीशी जुळवा. पॉशबाबत दहा कर्मचाऱ्यांपासून अंतर्गत समिती सक्तीची आहे. पॅकेजमध्ये धोरणाची पीडीएफ मिळते, पण समिती कागदावर तयार होत नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला नाहीत, एक बाहेरच्या सदस्य, नावं फलकावर, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. समिती नसल्यास ५० हजारांपर्यंत दंड. आपल्या क्षेत्रात तक्रार बऱ्याचदा सहकाऱ्याविरुद्ध नसते, अंघोळ घालताना हात लावणाऱ्या रहिवाशाविरुद्ध असते. मालकाने कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्यांपासूनही सुरक्षितता द्यायची आहे. ‘म्हातारे आहेत, सोडून दे’ हे उत्तर धोरणात बसत नाही. अशा वेळी ड्युटी बदलायची, दोन जणांनी मिळून काम करायचं, कुटुंबाला लेखी कळवायचं आणि डॉक्टरांचं मत घ्यायचं.

करारनामा हा पॅकेजमधला सगळ्यात घातक कागद. तो बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा साचा असतो, ‘परवानाधारक’ खोडून ‘रहिवासी’ घातलेला. त्यात काय नसतं ते पाहा: काळजीची पातळी वाढली तर फी किती आणि कोण ठरवणार, रुग्णालयात असताना खाट किती दिवस राखणार आणि किती पैशांत, अनामत रक्कम किती दिवसांत परत, आपण सांभाळू शकणार नाही अशी अवस्था आली तर किती मुदतीने सांगणार आणि तोवर काय, रात्री अत्यवस्थ झाल्यास कोणत्या रुग्णालयात आणि कोणाची संमती. सही रहिवाशाची हवी, तो भानावर असेल तर. मुलाची सही पैशांच्या जबाबदारीपुरती, त्याने आईच्या वतीने घर बदलायला आपोआप संमती मिळत नाही. अग्रिम वैद्यकीय निर्देश (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) असेल तर त्याची प्रत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित आदेशानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

काही ट्रस्ट तहहयात सांभाळण्याच्या बदल्यात फ्लॅट घेतात. त्यांनी २००७ च्या कायद्याचं कलम २३ फ्रेम करून लावावं. मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द होऊ शकतं. त्या वाक्यात ‘मुलगा’ हा शब्द नाही, ‘ज्याला मालमत्ता दिली तो’ असा अर्थ आहे. म्हणजे ट्रस्टही आला. कर्मचाऱ्याच्या किंवा चालकाच्या नावाने मृत्युपत्र, बक्षीसपत्र, पेन्शनच्या एटीएमचा पिन या गोष्टींना करारातच स्पष्ट मनाई घाला.

जीएसटीवर सल्लागाराची परीक्षा घ्यायची असेल तर एकच विचारा: २५ हजारांची सवलत आम्हाला आहे का? बरोबर उत्तराला तीन अटी आहेत. निवास सरकारचं किंवा आयकरात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचं हवं. रहिवासी ६० पूर्ण केलेला हवा. आणि राहणं, जेवण, देखभाल धरून दरमहा दरमाणशी २५ हजारांपर्यंतच. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ही सवलत नाही. जोडप्यातल्या पत्नी ५८ वर्षांच्या असतील तर त्यांच्या बिलाला नाही. २४ हजार फी आणि फिजिओथेरपीचे अडीच हजार वेगळ्या पावतीवर, असं विभागून दाखवलं तर प्रश्न उभा राहतो. ‘वृद्धाश्रमाला जीएसटी नाही’ एवढंच सांगणाऱ्याकडून पुढचं काही घेऊ नका.

मृत्यूची कागदपत्रं कोणत्याच पॅकेजमध्ये नसतात, आणि ती पहाटे तीनला लागतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे अशा जागेत मृत्यू झाला तर प्रभारी व्यक्तीने २१ दिवसांत निबंधकाला कळवायचं असतं. कुटुंब करेल म्हणून सोडून द्यायचं नाही. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरांचं हवं. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ‘नमुना ४-अ’. ओळखीचे म्हणून सही करणारे डॉक्टर शोधू नका. पडून झालेली इजा, भाजणं, गळफास, औषधाचा घोळ यांतलं काही असेल किंवा शंका असेल, तर आधी पोलिसांना कळवायचं आणि मृतदेह हलवायचा नाही. महिनाभरापूर्वी पडून खुबा मोडला आणि आता न्यूमोनियाने गेले, हाही विचारण्याजोगा प्रसंग आहे. रात्रपाळीच्या टेबलावर एक पान चिकटवा: डॉक्टर, पोलीस ठाणे, कुटुंबातले दोन क्रमांक, आणि शववाहिका. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ मात्र रहिवाशांना दिसेल अशी, त्यांच्या बैठकीच्या खोलीत.

तेव्हा पॅकेज घ्यावं का? अन्नपरवाना, पीएफ-ईएसआय, ट्रस्ट असेल तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला द्यायचे बदल अर्ज, वार्षिक हिशेबपत्रकं या चाकोरीच्या कामांसाठी जरूर घ्या, वेळ वाचतो. नमुना ब फायर एजन्सीकडूनच घ्या, मध्ये कोणी नको. करारनामा आणि शुश्रूषागृह-मानसिक आरोग्याचा प्रश्न आरोग्य कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला वेगळे पैसे देऊन सोडवा. रजिस्टरं विकत घेऊ नका, तुमच्या मुख्य सिस्टरबरोबर बसून आखा.

आणि सही करण्यापूर्वी एक अट घाला. अन्नपरवाना, पीएफ, ईएसआय, प्रदूषण मंडळ, आयकर या प्रत्येक पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल संस्थेचा असेल, एजंटचा नसेल. त्याने सोयीसाठी स्वतःचा नंबर घातला की सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. नूतनीकरणाची आठवण त्यालाच येते, नोटीसही त्यालाच, आणि सेवा बंद केली की नंबर बदलून घेण्यासाठी प्रत्येक कार्यालयात लेटरहेडवर अर्ज आणि ओळखपत्रं घेऊन हेलपाटे घालावे लागतात. संस्थेच्या नावाने एक वेगळं सिमकार्ड घ्या, साध्या फोनमध्ये घाला आणि तो फोन कचेरीच्या कपाटात चार्जरला लावून ठेवा.